छावणीच्या गेटबाहेरचा रविवार

पीस स्टेशनला बदली झाली की फौजी कुटुंबाने पहिल्या महिन्यातच एक गोष्ट करावी, असे माझे आता पक्के मत झाले आहे. मुलांचे शाळाप्रवेश उरकले, गॅसचे कनेक्शन आले, की एका रविवारी गावातल्या सार्वजनिक बागेत जावे. छावणीतल्या बागेत नव्हे, गावातल्या. आणि मग पोस्टिंग संपेपर्यंत जात राहावे. यात काय एवढे मोठे, असे कुणालाही वाटेल. पण वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत मी जे पाहिले त्यावरून सांगतो, ही साधी गोष्ट आपल्यातले फार थोडे लोक करतात.

कारणही उघड आहे. छावणीत सगळे मिळते. सीएसडी कॅन्टीन आहे, एमआय रूम आहे, शाळा आहे, मंदिर-गुरुद्वारा आहे, मुलांना खेळायला मैदान आहे. बाहेर जायची गरजच पडत नाही. रविवारी सकाळी मंदिर परेड, दुपारी मेसमध्ये किंवा कुणाच्या घरी जेवण, संध्याकाळी इन्स्टिट्यूटमध्ये तंबोला. बघता बघता दोन-अडीच वर्षे जातात आणि पुन्हा काळ्या ट्रंकांवर नवा पत्ता रंगवायची वेळ येते. माझी मोठी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि ही तिची पाचवी शाळा. कुठे कुठे राहिलीस असे विचारले तर ती गावांची नावे घडाघडा सांगते. पण त्या गावांबद्दल विचारा, ती जे सांगते ते छावणीबद्दल असते. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, रस्त्याकडेच्या दगडांना पांढरा रंग, प्रत्येक चौकात एक जुनी तोफ. पठाणकोट असो की सिकंदराबाद, हे चित्र सारखेच. फौजीची मुले भारतभर राहतात असे आपण अभिमानाने म्हणतो. खरे पाहिले तर त्यातली बरीच मुले एकाच गावात राहतात, ते गाव फक्त दर अडीच वर्षांनी जागा बदलते.

सध्या मी शिलाँगला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण पंधराशे मीटर उंचीचे हे थंड शहर. १८७४ मध्ये ते आसामची राजधानी झाले आणि २१ जानेवारी १९७२ ला मेघालय राज्य झाल्यापासून मेघालयाची राजधानी आहे. फौजेचे आणि या शहराचे नाते जुने आहे. आसाम रेजिमेंट १५ जून १९४१ ला इथेच उभी राहिली. आसाम रायफल्सचे महासंचालनालय इथे आहे, वायुसेनेचे पूर्व विभागाचे मुख्यालय इथे आहे, हॅपी व्हॅलीत रेजिमेंटल सेंटर आहेत. म्हणजे गणवेशातला माणूस शिलाँगकराला नवा नाही. प्रश्न एवढाच की गणवेश उतरवलेला माणूस त्याने किती पाहिला आहे.

शहराच्या मधोमध, राजभवनाला लागून, वॉर्ड्स लेक आहे. आसामचे चीफ कमिशनर सर विल्यम वॉर्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे हे तळे १८९० च्या दशकात तयार झाले. खासी लोक त्याला नान पोलोक म्हणतात. नान म्हणजे तळे, आणि पोलोक हे तळ्याच्या कामाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या पोलॉक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचे. तुरुंगात बसून कंटाळलेल्या एका खासी कैद्याने बाहेर काहीतरी काम द्या म्हणून हट्ट धरला आणि त्याच्या कुदळीने या तळ्याची सुरुवात झाली, अशी गोष्ट इथे सांगतात. तळ्यावर लाकडी पूल आहे. पुलावर उभे राहून माशांना खाऊ घालणे आणि पायाने चालवायच्या होड्यांत फिरणे, हे इथले दोन मुख्य उद्योग. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव पाहिलेल्या मराठी माणसाला यात चकित होण्यासारखे काही नाही. तळेही वेण्णापेक्षा खूप लहान आहे.

दुसरी बाग लेडी हैदरी पार्क. झोपाळे, घसरगुंड्या, फुलांचे वाफे आणि एक छोटे प्राणिसंग्रहालय. पुण्यातल्या जुन्या पेशवे उद्यानात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे चटकन ओळखीचे वाटेल, फक्त फुलराणी नाही. बागेला नाव आहे ते आसामचे गव्हर्नर सर अकबर हैदरी यांच्या पत्नीचे. हैदरी हे नाव पूर्वेकडे नोकरी केलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचलेले असते. जून १९४७ मध्ये नागा नॅशनल कौन्सिलबरोबर झालेला नऊ कलमी करार त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या कराराच्या अर्थावरून पुढे जे झाले त्याची किंमत आपल्या कितीतरी पलटणींनी मोजली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये मणिपूरच्या दौऱ्यावर असताना ते वारले. आम्ही ज्या नावाचा अभ्यास नकाशा समोर ठेवून केला, त्या नावाच्या बागेत माझी धाकटी घसरगुंडीवर रांगेत उभी असते. इतिहास मुलांना शिकवायचा तर अशा ठिकाणी तो आपोआप निघतो. “बाबा, लेडी हैदरी कोण?” एवढा प्रश्न पुरतो.

आता माझे म्हणणे नीट मांडतो. सार्वजनिक बागेत जाण्याने फौजी कुटुंबाला तीन गोष्टी मिळतात, ज्या छावणीत कितीही सोयी केल्या तरी मिळत नाहीत.

पहिली गोष्ट, तिथे आपण परके असतो. खासी भाषेत बाहेरून आलेल्या, जमातीबाहेरच्या माणसाला ‘दखार’ म्हणतात. हा शब्द कधी नुसता वर्णनाचा असतो, कधी त्यात धार असते. मेघालयाच्या राजकारणात या शब्दाला मोठा इतिहास आहे आणि तो सगळा सुखाचा नाही. पण मराठी वाचकाला हे समजायला कठीण जाऊ नये. आपल्याकडे ‘परप्रांतीय’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! बोलताना आपण नेहमी आतले असतो आणि तो शब्द दुसऱ्या कुणासाठी असतो. माणसाने आयुष्यात काही वर्षे तरी परप्रांतीय होऊन पाहावे, असे मला वाटते. आजूबाजूला सगळे वेगळी भाषा बोलत आहेत, आपले जेवण, आपले कपडे, आपला आवाजही वेगळा दिसतो आहे, आणि समोरच्याने सरकून बाकावर जागा दिली तर बरे वाटते आहे. हा अनुभव फौजीला फुकट मिळू शकतो. पण छावणीत बसून तो मिळत नाही, कारण छावणीत आपण कधीच परके नसतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिलाँगचा पाऊस सोहऱ्याच्या, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या चेरापुंजीच्या, मानाने फार तर चौथा हिस्सा. पण येतो तेव्हा सांगून येत नाही. तळ्याकाठी आम्ही सापडलो आणि एका छपराखाली शिरलो. तिथे आधीच एक खासी कुटुंब होते. जैनसेम नेसलेल्या आजी, त्यांची मुलगी, नात आणि एक कडेवरचे मूल. आजींनी न विचारता पिशवीतून क्वाय काढून पुढे केली. क्वाय म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. ती नाकारणे बरे दिसत नाही, आणि सवय नसलेल्याने खाल्ली तर कान तापतात, कपाळाला घाम फुटतो. माझी ती अवस्था पाहून दोन्ही कुटुंबे हसली आणि ओळख झाली. नात हिंदी-इंग्रजी जाणणारी, ती मधे दुभाषी. आजींनी माझ्या पत्नीला विचारले, मुले किती? पत्नी म्हणाली, दोन मुली. आजींचा चेहरा खुलला. धाकटीकडे बोट दाखवून त्या काहीतरी बोलल्या आणि नातीने सांगितले, “ती म्हणते, छान झाले, धाकटी घर सांभाळेल.”

खासी समाजात मुलांना आईच्या कुळाचे नाव लागते. सर्वांत धाकटी मुलगी, खद्दूह, आईवडिलांच्या घराची आणि म्हाताऱ्यांची जबाबदारी घेते. मामाला घरात मोठा मान असतो. आजी जे बोलल्या ते त्यांच्या दृष्टीने अगदी रोजचे होते. आमच्यासाठी नव्हते. धाकटीच्या जन्मानंतर गावाकडे, सातारा जिल्ह्यात, भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी पहिले वाक्य काय उच्चारले ते आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही, पण विसरलेही नाही. “होईल पुढच्या वेळी” असे लोक समजूत घातल्यासारखे म्हणाले होते. त्या बाईंना सात वर्षांनी, दोन-अडीच हजार किलोमीटरवर, पावसात उभ्या असताना, अनोळखी आजींनी मनापासून अभिनंदन केले. परतताना पत्नी बराच वेळ गप्प होती. मागच्या सीटवर मात्र घर सांभाळणार म्हणजे ताईला राहू द्यायचे की नाही यावर भांडण जुंपले होते. खासी पद्धत आदर्श आहे आणि आपली टाकाऊ, असे मी म्हणत नाही. खासी पुरुषांतही तिच्यावर वाद आहेत. पण जगात दुसरी पद्धत आहे आणि माणसे तिच्यात सुखाने नांदतात, हे माझ्या मुलींना पुस्तकाआधी एका आजींकडून कळले.

दुसरी गोष्ट, बागेत हुद्दा सैल होतो. छावणीत प्रत्येक जागेला हुद्दा असतो. अधिकाऱ्यांची मेस वेगळी, जेसीओंची वेगळी, क्वार्टरच्या ओळी वेगळ्या. शिस्तीसाठी हे लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ही उतरंड मुलांपर्यंत पोहोचते तेव्हा मला काळजी वाटते. दहा वर्षांच्या मुलाला कोणत्या मुलाचे वडील कोण आहेत हे पाठ असते. वॉर्ड्स लेकच्या होडीच्या रांगेत हे चालत नाही. तिथे तिकीट आणि रांग, एवढेच.

आमच्याकडे कोल्हापूरकडचे एक हवालदार आहेत. जवानांना फॅमिली क्वार्टर पाळीने मिळते, हे वाचणाऱ्या माजी सैनिकांना सांगायला नको. त्यांची पाळी आली, पत्नी-मुलगा आले. चार महिने झाले तरी वहिनींनी शिलाँगमध्ये पाहिले काय, तर कॅन्टीन, एमआय रूम आणि मंदिर. भाषा येत नाही, एकट्याने बाजारात जायची भीती, नवरा ड्यूटीवर. एका रविवारी ते तिघे आम्हाला तळ्यावर भेटले. पहिल्या वेळी वहिनी उभ्याच राहिल्या, “मेमसाब” म्हणत. माझी पत्नी मराठी बोलत होती तरी त्या अर्धे हिंदीत उत्तर देत होत्या. तिसऱ्या की चौथ्या भेटीत दोघी एका बाकावर बसून कांदा किती महाग झाला यावर बोलत होत्या, आणि “ताई, तुमच्याकडं कांदा-लसूण मसाला संपला असंल तर सांगा, सासूबाईंनी भरपूर धाडलाय” असे म्हणाल्या. छावणीत परतल्यावर त्या पुन्हा मेमसाब म्हणतात, आणि ते ठीक आहे. पण आता त्या घरात काही अडले तर ते आम्हाला कळते. ज्या माणसांच्या भरवशावर मी उद्या फील्डमध्ये जाणार, त्यांच्या घरचे मला इतके तरी माहीत असायला हवे.

तिसरी गोष्ट शहराच्या बाजूची आहे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस शिलाँगमध्ये दंगल उसळली, संचारबंदी लागली आणि लष्कराला ध्वजसंचलन करावे लागले. मी तेव्हा इथे नव्हतो, पण ध्वजसंचलन म्हणजे काय ते मला माहीत आहे. गाड्यांची रांग, हेल्मेट, रायफली, बंद खिडक्यांमागून पाहणारे डोळे. ते कधी कधी आवश्यक असते आणि आपण ते चोख करतो. पण ज्या शहराने आपल्याला फक्त त्या रांगेतच पाहिले, त्याच्या लेखी आपण तेवढेच राहतो. पूर्वेकडे तर याला फार जुने पदर आहेत. ज्याच्या मुलीने आपल्या मुलीबरोबर घसरगुंडीवर भांडण केले आहे, तो माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. आपणही त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. हा बदल कुठल्याही सद्भावना कार्यक्रमाच्या अहवालात बसणार नाही. मंडप टाकून, भाषण करून, ब्लँकेट वाटून जे होते त्यात देणारा उंच असतो. बागेत सगळे एकाच छपराखाली भिजतात.

यावर माझे मित्र जे आक्षेप घेतात ते मला ठाऊक आहेत. पहिला सुरक्षेचा. स्टेशनचे आदेश असतात, बंद असतो, कधी वातावरण तापलेले असते. अशा वेळी घरी बसायचे, यात दुमत नाही. युनिटचे नाव, जाण्यायेण्याच्या वेळा, फोटो हे सोशल मीडियावर टाकायचे नाही, हेही आलेच. पण वर्षातले बहुतेक रविवार शांत असतात. काही रविवारी जाता येत नाही म्हणून कधीच जायचे नाही, हे सुरक्षेचे कारण नव्हे, आळसाचे आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. पीस स्टेशन नावालाच पीस, रविवारीही फाइल सुटत नाही, असे अधिकारी म्हणतात. ते खरे आहे. पण त्याच रविवारी चार तास गोल्फला सापडतात, हेही खरे आहे. शिलाँगचे अठरा होलांचे गोल्फ कोर्स देशातल्या सुंदर कोर्सपैकी एक आहे, मी समजू शकतो. मी फक्त हिशेब मांडतो. मोठी मुलगी अकरा वर्षांची. त्यातली जेमतेम पाच वर्षे मी तिच्याबरोबर एका छताखाली होतो. या पोस्टिंगनंतर मला बहुधा फील्ड येईल, आणि मी परतेन तेव्हा तिला बाबांबरोबर होडीत बसायचे नसेल. ज्यांची मुले मोठी झाली त्या माजी सैनिकांना हा हिशेब माझ्यापेक्षा चांगला कळतो.

तिसरा आक्षेप, छावणीतली बाग जास्त स्वच्छ आणि चांगली. असेल. रविवार स्वच्छ हिरवळीसाठी नसतो. खडकवासल्याला एनडीएत आम्हाला ‘लिबर्टी’ हा शब्द कळला तो सुट्टी म्हणून नव्हे. लिबर्टी म्हणजे गेटबाहेर. पुण्याच्या रस्त्यावर दोन तास साध्या माणसांत चालायला मिळावे म्हणून आम्ही आठवडाभर रगडा सोसायचो. वीस वर्षांत तो अर्थ आपण विसरलो आणि लिबर्टी म्हणजे बाजारातून भाजी आणायची गाडी एवढाच उरला.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत, कमांडिंग ऑफिसरच्या अधिकारात सहज बसतील अशा. रविवारची लिबर्टीची गाडी पोलीस बाजारला जातेच. ती दोन तास वॉर्ड्स लेकजवळ थांबवा आणि जवानांच्या कुटुंबांना आधी सांगा. नव्याने आलेल्या प्रत्येक फॅमिलीला पहिल्या महिन्यात एकदा तरी कुणी जुने कुटुंब सोबत घेऊन जाऊ दे. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या गाडीने किंवा टॅक्सीने जावे, डबा स्वतः उचलावा. सहायकाला पाण्याच्या बाटल्या धरून मागे चालवत बागेत शिरणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांनी घरीच राहिलेले बरे. आणि मुलांना निदान ‘खुब्लेई’ शिकवा. नमस्कार आणि आभार दोन्हीला चालते. मोठ्या बाईला ‘कोंग’ म्हणा, म्हणजे आपली ताई.

सुट्टीत महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगतो. गुवाहाटीहून गाडी करून उमियाम, शिलाँग, सोहरा, दावकी, मावलिन्नाँग चार दिवसांत उरकणारी मंडळी वॉर्ड्स लेकला वीस मिनिटे देतात, पुलावर फोटो काढतात आणि “एवढेच?” म्हणतात. वीस मिनिटांत तेवढेच दिसते. एखादा अख्खा रविवार ठेवा. सकाळी खासी कुटुंबे चर्चला असतात, दुपारच्या जेवणानंतर ती चर्चच्याच कपड्यांत बागेत येऊ लागतात, तेव्हा जा. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो, त्यामुळे दोनपर्यंत पोहोचलेले बरे. नोव्हेंबरात तळ्याकाठी चेरी फुलते तेव्हा गर्दी उसळते, होडीची रांग लांबते. छत्री बारा महिने गाडीत असू द्या. आणि कुणी क्वाय दिली तर पहिल्यांदा अर्धीच खा.